न लागलेल्या प्लेगच्या नोंदी

वांद्र्यापासून अंधेरीपर्यंतच्या जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी किंवा विहिरीच्या कडेला दगडी क्रूस उभे दिसतात. त्यांतले बरेचसे प्लेगच्या साथीत लोकांनी नवस म्हणून उभारलेले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. कुणी कोकणात गेले, कुणी देशावर, तर कुणी खाडीपलीकडे साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरांत. रोगही त्यांच्या मागोमाग गेला. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली.

या साथीची गोष्ट आपण वर्गात सांगतो तेव्हा हाफकिन यांची लस आणि पुण्यातला रँडचा वध या दोन प्रसंगांवर ती संपते. त्यापुढचा एक भाग क्वचितच सांगितला जातो. १९०५ पासून दोन-तीन वर्षे परळच्या प्रयोगशाळेत काही प्रयोग झाले आणि त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांचे फलित एका ओळीचे होते : निरोगी प्राणी निरोगीच राहिला. नकारार्थी निष्कर्षाचे उदाहरण म्हणून आपण अकरावी-बारावीला मायकेल्सन आणि मोर्ले यांचा १८८७ चा प्रयोग शिकवतो. परळचे प्रयोग त्याहून जवळचे आहेत आणि त्यांवर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून होते.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. अलेक्झांडर येर्सिन यांनी तो रोग्याच्या गाठीत पाहिला आणि मेलेल्या उंदरांतही पाहिला. पण उंदरातून किंवा रोग्यातून तो दुसऱ्या माणसात जातो कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. स्पर्श, रोग्याचे कपडे, धान्याची गोणी, घराची ओलसर जमीन, गटाराची हवा अशा सगळ्यांवर संशय होता, आणि सरकारी उपाय त्या संशयाबरहुकूम आखले गेले. घरात शिरून रोगी हुडकायचे, त्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत न्यायचे, सामान जाळायचे, जमीन खणून काढायची, भिंतींना चुना मारायचा, गटारांत जंतुनाशक ओतायचे. पुण्यात या छळातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत मार्च १८९८ मध्ये दंगल उसळली. एवढे करूनही साथ दर हिवाळ्यात परत येतच होती.

एक गोष्ट मात्र तेव्हाही डॉक्टरांच्या ध्यानात आली होती. प्लेगच्या इस्पितळात रोग्यांची सेवा करणाऱ्यांना हा रोग फारसा होत नसे. चाळीतल्या बिऱ्हाडापेक्षा इस्पितळातला वॉर्डच जास्त सुरक्षित, असा तो उलटा प्रकार होता. सावित्रीबाई फुले मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. अशा मृत्यूंमुळे लोकांच्या मनात स्पर्शाचा समज पक्का झाला असेल तर नवल नाही. पण एकूण पाहता 'स्पर्शाने लागत नाही' याच्या बाजूचे निरीक्षण डोळ्यांसमोर होते. ते अपवाद म्हणून बाजूला ठेवले गेले.

पास्तर संस्थेच्या पॉल-लुई सिमाँ यांनी ते बाजूला ठेवले नाही. रोग्याच्या पायावर कधी कधी एक बारीकसा फोड दिसतो, त्यात प्लेगचे जंतू असतात आणि गाठ त्याच बाजूच्या जांघेत येते, हे त्यांनी पाहिले होते. तो फोड म्हणजे पिसवेचा दंश असावा असा त्यांचा तर्क होता. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी एका काचेच्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. खालचा उंदीर मेला आणि काही दिवसांनी वरचाही प्लेगने गेला. सिमाँ यांनी याची दुसरी बाजूही तपासली. पिसवा नसलेल्या आजारी उंदराबरोबर ठेवलेले निरोगी उंदीर जगले. माझ्या मते हा दुसरा प्रयोग पहिल्याइतकाच मोलाचा आहे, पण सिमाँची गोष्ट सांगताना तो बहुधा गाळला जातो.

सिमाँ यांचा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच निघाले. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने कीटकांची कल्पना विचारात घेण्याजोगी मानली नाही. त्वचेवरच्या ओरखड्यांतून जंतू शरीरात शिरतो, या मताकडे कमिशनचा कल होता. आपल्याकडची माणसे अनवाणी चालतात, म्हणून गाठ जांघेत येते, अशी संगती लावता येत होती. निरीक्षण तेच, पण अर्थ दोन : ओरखडा किंवा पिसू. नुसते बघत राहून या दोहोंत निवड करता येत नव्हती.

सिमाँच्या विरोधात युरोपातले काही नकारार्थी निष्कर्षही उभे होते. जॉर्ज नटाल यांनी आजारी उंदरांवर पोसलेल्या ढेकणांकरवी रोग पसरतो का हे पाहिले होते. तो पसरला नाही. लोझानचे गाली-व्हालेरिओ यांनी उंदरावरच्या पिसवा माणसावर सोडून पाहिल्या. त्या चावल्या नाहीत. मग उंदराची पिसू माणसाला चावतच नाही, असे विधान रूढ झाले. हा निष्कर्ष खोटा नव्हता. त्यात एक शब्द कमी होता. कोणती पिसू? युरोपातल्या उंदरांवरच्या पिसवा वेगळ्या जातीच्या आहेत. मुंबईच्या उंदरांवर जी पिसू सर्रास सापडते तिला 'चिऑपिस' हे नाव चार्ल्स रोथ्सचाइल्ड यांनी १९०३ मध्ये दिले, तेही सुदानमधून आणलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे वाद जोरात असताना त्या पिसवेला शास्त्रात नावसुद्धा नव्हते. शिवाय पिसू उपाशी होती की पोट भरलेली, हवा थंड होती की उष्ण, एकूण पिसवा किती होत्या, या गोष्टींनी फरक पडतो याची त्या वेळी कुणाला कल्पना नव्हती. फ्रान्समध्ये मार्सेयला गोतिए आणि रेबो यांनी १९०२ मध्ये सिमाँचा प्रयोग पुन्हा करून तेच फळ मिळवले, आणि ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत उंदराच्या पिसवा माणसाला चावतात असे दिसले. पण 'चावत नाही' हे वाक्य मागे हटायला तयार नव्हते.

मुंबईत हे कोडे उचलले ते परळच्या प्रयोगशाळेतल्या कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेग संशोधन प्रयोगशाळा होती. तिलाच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. मुंबईतल्या एका मोठ्या चाळीत उंदीर पटापट मेले, मग मरायचे थांबले, आणि थोड्याच दिवसांत लोक पिसवांनी हैराण झाल्याची तक्रार करू लागले. त्यानंतर चाळीत प्लेग आला. लिस्टन यांनी तिथल्या माणसांच्या अंगावरून ३० पिसवा धरल्या. त्यांत १४ उंदराच्या निघाल्या. एरवी माणसांवर धरलेल्या २४६ पिसवांत उंदराची एकच मिळाली होती. दुसरा प्रसंग भायखळ्याच्या राणीच्या बागेतला. तिथले गिनीपिग १९०४ च्या एप्रिलमध्ये प्लेगने मेले आणि त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा भरपूर होत्या. या साऱ्याचा वृत्तांत त्यांनी नोव्हेंबर १९०४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे ठेवला. दुवा आता दिसू लागला होता, पण तो एकमेव दुवा आहे की अनेकांतला एक, हे ठरायचे होते.

त्यासाठी १९०५ मध्ये नवे संशोधन मंडळ आले. भारतमंत्री, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर संस्था यांच्या संयुक्त समितीच्या देखरेखीखाली ते काम करत होते. लिस्टर संस्थेचे संचालक चार्ल्स मार्टिन स्वतः मुंबईला आले. लॅम्ब, लिस्टन, पेट्री आणि रोलंड ही मंडळी कामाला लागली.

त्यांनी परळच्या आवारात सहा छोट्या खोल्या बांधल्या. त्यांची छपरे मुद्दाम वेगवेगळी केली : दोन खोल्यांना देशी कौले, दोन खोल्यांना मंगलोरी कौले आणि उरलेल्या दोन खोल्यांना नालीदार पत्रा. देशी कौलांत उंदीर खुशाल घर करतात, मंगलोरी कौले घट्ट बसत असल्याने तिथे त्यांना कमी वाव, आणि पत्र्याखाली तर मुळीच नाही. छपराखाली तारेची जाळी बसवली होती. तिच्यातून उंदीर खाली येऊ शकत नव्हता, पण पिसू सहज पडू शकत होती. खोल्यांत निरोगी आणि प्लेग टोचलेले गिनीपिग एकत्र सोडले. ज्या खोल्यांत पिसवा होत्या तिथे निरोगी गिनीपिगना प्लेग झाला, आणि जितक्या पिसवा जास्त तितका वेग जास्त. पत्र्याच्या खोल्यांत पिसवा नव्हत्या. तिथे आजारी आणि निरोगी प्राणी एकाच जमिनीवर वावरले, एकाच भांड्यात खाल्ले, त्यांची लघवी आणि विष्ठा एकमेकांच्या अंगाला लागली, तरी निरोगी प्राणी निरोगी राहिले. आजारी आईचे दूध पिणाऱ्या पिल्लांनाही रोग झाला नाही.

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. 'लागण झाली नाही' या वाक्यातून 'स्पर्शाने लागण होत नाही' असे म्हणायला आपल्याला काय हवे? ते गिनीपिग मुळातच काटक असतील, जंतू मरतुकडे असतील, तर लागण न होण्याला काहीच अर्थ उरत नाही. परळच्या प्रयोगांत ही शंका तिथल्या तिथे फिटत होती, कारण तसेच गिनीपिग, तोच जंतू आणि तशीच खोली असताना फक्त पिसवा वाढल्या की साथ सुरू होई. एका खोलीतला 'नाही' शेजारच्या खोलीतल्या 'हो'मुळे वाचता येत होता.

मग त्यांनी एकेक संशयित तपासायला घेतला. जमिनीचा दोष असेल म्हणून शेणाने सारवलेली जमीन आणि चुन्याची जमीन तयार करून तिच्यावर प्लेगच्या जंतूंचे पाणी ओतले. शेणाच्या जमिनीवर ४८ तासांनंतर आणि चुन्याच्या जमिनीवर २४ तासांनंतर जंतूंचा मागमूस उरत नसे. साथीच्या दहशतीत जी जमीन खणून काढली गेली, ती दोन दिवसांत आपोआप निर्दोष होत होती! हवेचा दोष असेल म्हणून गिनीपिगचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला प्लेग होई, दोन फुटांवरच्याला होत नसे, हवा मात्र दोघांना एकच. पिसू फार तर चार-पाच इंच उंच उडी मारते. यावरून जांघेतल्या गाठीचाही उलगडा होतो, कारण उभ्या माणसाच्या पायांपर्यंतच तिची मजल जाते. पुढे माकडांचे पिंजरे प्लेग झालेल्या जागी ठेवले. काही पिंजऱ्यांभोवती माश्या धरायच्या चिकट कागदाचा सहा इंच रुंद पट्टा आखला, काहींभोवती नाही. पट्ट्याच्या आतली माकडे वाचली आणि त्या कागदावर पिसवा चिकटलेल्या सापडल्या.

प्रयोगशाळेबाहेरचे कामही तितकेच चिवट होते. वर्षभरात शहरातल्या लाखावर उंदरांची तपासणी झाली. शीव, वडाळा, परळ आणि वरळी या चार गावांत घरोघरची नोंद ठेवली. त्यातून क्रम दिसला : आधी गटारांतले तपकिरी उंदीर मरतात, मग घरातले काळे उंदीर, आणि त्यानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी माणसे. शीव-वडाळा तेव्हा शेते आणि मिठागरे असलेली खेडी होती, हे आजच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावे लागेल.

या सर्वांचा वृत्तांत १९०६ पासून केंब्रिजच्या 'जर्नल ऑफ हायजीन' या नियतकालिकाच्या खास अंकांतून छापून आला. प्रयोगामागून प्रयोग, तक्त्यामागून तक्ता. किती प्राणी, किती पिसवा, कोणता महिना, किती जगले. वाचायला हे अंक कंटाळवाणे आहेत. गंमत अशी की हे नियतकालिक १९०१ मध्ये ज्यांनी सुरू केले आणि ज्यांच्या संपादनाखाली हे अंक निघाले ते जॉर्ज नटाल, म्हणजे ढेकणांचे प्रयोग करणारे तेच नटाल. आपल्या आधीच्या निष्कर्षाला बाजूला सारणाऱ्या कामासाठी त्यांनी शेकडो पाने मोकळी करून दिली.

एवढी पाने 'काही झाले नाही' यासाठी कोण देतो? आपल्या शाळांतल्या प्रयोगवह्यांत अनुमान आधी लिहिले जाते आणि निरीक्षणाचा रकाना नंतर त्याला जुळेल असा भरला जातो, हे आपण सारे जाणतो. विज्ञान प्रदर्शनात मांडलेल्या कुंड्यांत रुजलेल्या बिया दिसतात. न रुजलेल्या कधीच केराच्या टोपलीत गेलेल्या असतात. त्या बिया किती जुन्या होत्या, पाणी किती घातले होते, हे लिहून ठेवणारा विद्यार्थी मिळाला तर त्याचे गुण कापू नयेत. मोठ्यांच्या जगातही फारसे वेगळे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ मध्ये या दुखण्याला टेबलाच्या खणाचे नाव दिले. यशस्वी प्रयोग छापले जातात, फसलेले खणात पडून राहतात, आणि छापील मजकूर वाचणाऱ्याला सगळेच यशस्वी वाटते. औषधांच्या बाबतीत याची किंमत रोग्यांना मोजावी लागते, म्हणून माणसांवरच्या चाचण्यांची नोंद सुरुवातीलाच करून ठेवायची पद्धत आली. आपल्याकडची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि औषध नियंत्रकांनी जून २००९ पासून ती सक्तीची केली. चाचणीचा निकाल काहीही लागो, ती सुरू झाली होती एवढे तरी त्यामुळे लपवता येत नाही. केवळ नकारार्थी निष्कर्षांना वाहिलेले एक वैद्यकीय नियतकालिकही २००२ मध्ये निघाले होते. ते २०१७ मध्ये बंद पडले.

आता परळच्या 'नाही'ची मर्यादाही सांगायला हवी. स्पर्शाने लागत नाही, हे गाठीच्या प्लेगबद्दल सिद्ध झाले होते. प्लेग फुप्फुसात उतरला की मात्र तो खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. मांचुरियात १९१०-११ च्या हिवाळ्यात अशी साथ आली तेव्हा मलायात जन्मलेले डॉ. वू लिएन-ते यांनी हे ओळखले आणि सर्वांना तोंडाला जाड गॉझची पट्टी बांधायला सांगितले. तोवर उंदीर आणि पिसू यांचे नाव इतके झाले होते की अनुभवी फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांनी ते मानले नाही. पट्टी न बांधता ते रोग्यांना तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने वारले. युरोपातल्या पिसवांवरचा 'नाही' मुंबईला लावला गेला तेव्हा जे झाले होते, त्याच जातीची ही चूक होती.

नोंदलेल्या अपयशांचा उपयोग पुढे बरीच वर्षे होत राहिला. संसर्ग झालेल्या पिसवा निरोगी प्राण्यांवर सोडल्या तरी अनेकदा रोग होत नसे, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात तर पिसवा लवकर निरुपद्रवी होत. परळच्या तक्त्यांत हे महिन्यानुसार लिहिलेले होते. का, ते माहीत नव्हते. मार्टिन यांनी आर्थर बेकट यांच्या साथीने १९१४ मध्ये लंडनमध्ये ते शोधून काढले. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतू वाढून त्यांचे बूच बसते. मग ती कितीही रक्त ओढो, ते पोटात जात नाही. भुकेने ती पुन्हा पुन्हा चावते आणि जंतू मिसळलेले रक्त जखमेत परत टाकते. हे बूच बसायला काही दिवस लागतात, ते प्रत्येकीत बसतेच असे नाही, आणि तापमान २८ अंशांच्या वर गेले की बहुधा बसत नाही किंवा टिकत नाही. मुंबईचा प्लेग हिवाळ्यात का उफाळे आणि मे महिन्यात का विरे, हे यातून बऱ्याच अंशी कळले. अर्थात तेही पूर्ण नव्हते; बूच न बसलेल्या काही जातींच्या पिसवाही सुरुवातीचे काही दिवस रोग पसरवू शकतात असे २००६ मध्ये दाखवले गेले.

दुसरा धागा कोलंबोत सापडला. हिंदुस्थानात प्लेगने लाखो बळी जात असताना मद्रास इलाख्याचा बराच भाग आणि सिलोन कसे बचावले, याचे उत्तर नव्हते. उंदीर होते, पिसवा होत्या, बंदरांतून ये-जा होती. फॅबियन हर्स्ट यांनी १९१३ मध्ये कोलंबोच्या उंदरांवरच्या पिसवा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. चिऑपिससारखीच दिसणारी ती वेगळीच जात निघाली. रोथ्सचाइल्ड यांनीच १९११ मध्ये तिला 'ॲस्टिया' हे नाव दिले होते. ही पिसू प्लेग पसरवण्यात कच्ची आहे आणि उष्ण हवेत ती माणसाच्या वाटेला फारशी जात नाही. मग हर्स्ट यांनी जुन्या प्रयोगांचे कागद पुन्हा काढले आणि प्रत्येक 'नाही'पुढे कोणत्या जातीची पिसू लिहिली आहे, हे शोधायला बसले.